हरकत घेण्यास तीस दिवस

नंदुरबारच्या विवाह नोंदणी कार्यालयात मी गेलो होतो, तो तेथील पिण्याच्या पाण्याविषयीचे माझे चौथे पत्र देण्यासाठी. पोचपावतीची वाट पाहत सवयीने सूचना फलक वाचू लागलो. विशेष विवाह कायद्याखालील तिसरी नोटीस माझ्या मुलीची होती.

नोटीस बिनचूक आहे, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. दुसरा मात्र कार्यालयातल्या सर्वांना ऐकू गेला.

मुलगी तळोद्याकडच्या आश्रमशाळेत शिकवते. मुलगा तिथलाच शिक्षक, सातपुड्यातल्या पावरा आदिवासी कुटुंबातला. समतेच्या कलमांचा हवाला देत मी आयुष्यभर अधिकाऱ्यांना धारेवर धरले. आणि मला राग आला तो आधी त्याच्या आडनावाचा, मग तिच्या मौनाचा. क्रम हाच होता. तो उलटा लिहिण्याचा मोह आवरतो आहे.

घरी येऊन हरकतीचा अर्ज लिहायला बसलो. कायदा तीस दिवस देतो, पण कारणे मोजकीच: वय, आधीचे लग्न, मनाची अवस्था, निषिद्ध नाते. वडिलांना विचारले नाही, हे कारण कायदेमंडळाच्या नजरेतून सुटले होते. मनाची अवस्था हा मुद्दा आशादायक वाटला. पण तो वधूवरांपुरताच निघाला.

रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मला रविवारच्या ध्यानवर्गात धाडले होते. बुद्धांच्या शिकवणीवरचा तो वर्ग एक निवृत्त परिचारिका घेत. त्या म्हणत, "मनात जे उठेल ते नावाने ओळखा. आणि काका, निकाल देऊ नका."

त्या रविवारी वर्गात डोळे मिटले. राग आला, ओळखला. मागोमाग अभिमान आला. तो मला ग्राह्य वाटेना. एकाच प्रकरणात दोन परस्परविरोधी जबाब? मग भीती आली, की ही मुलगी आता घरी येणार नाही. वर्ग सुटल्यावर बाईंना विचारले, "यांतले खरे कोणते?"

"सगळेच," सतरंजी गुंडाळत त्या म्हणाल्या. अपिलाची सोय नव्हती.

अर्जाचा सातवा मसुदा चालू असताना पत्नी समोर येऊन उभी राहिली. "आते काय लिखी ऱ्हायनात?"

"हरकत." रागावलो की मी घरीही कार्यालयीन मराठी बोलतो.

"राग शे का माया शे?"

"दोन्ही आहेत. तीच अडचण आहे."

"अडचण कसानी? दोन्हीस्ले बसू द्या. पोरना फोन उना व्हता. साक्षीदार तीन लागतस, दोन शेतस. तिसरा तुम्ही व्हा म्हने."

"तुला आधीपासून माहीत होते?"

"माले सांगं तिनी. मी अर्ज करत नही ना!"

मुदत संपल्यानंतर ठरल्या दिवशी मी कार्यालयात गेलो. सही करीन की नाही, हे रिक्षात बसेपर्यंत मलाही ठाऊक नव्हते. बाकावर मुलाचे वडील बसले होते. माझ्यासारख्या माणसाशी सोयरीक त्यांनाही नको होती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळताच मला अपमान वाटला आणि, का कोण जाणे, बरेही वाटले. मी त्यांच्या शेजारी बसलो.

मुलगी जवळ आली. "अण्णा, राग शे ना अजून?"

"शे."

"मंग उनात कसं काय?"

"ते बी शे," मी म्हणालो.

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिले. "साहेब, आपली काही हरकत?"

"भरपूर आहेत. कायद्यात बसणारी एकही नाही."

घोषणापत्र तीनदा वाचून मी सही केली. ती वाकडी आली. लिपिकाने खाली पुन्हा करायला सांगितली. त्या उद्धटपणाचा मला मनस्वी संताप आला, कागद डोळ्यांपुढे धूसर झाला, आणि मी दुसऱ्यांदा सही केली.