गौरम्माची ओली बाळंतीण

लेकीच्या, राजश्रीच्या क्लाससाठी गौरम्मानं लातुरात खोली केली, तेव्हा टेम्पोतून गादी, स्टो, पुस्तकांची खोकी आणि गाभण देवणी गाय असं सगळं एकदमच उतरलं. घरमालक दत्तोपंत, रिटायर मास्तर. गाय बघून ते बराच वेळ चष्माच पुसत बसले. परसात बांधू दिली, पण बजावून. “दूध असेल तोवर राहू द्या. नुसतं शेणच येणार असेल तर गावाकडं धाडा.”

पंधरवड्यानं गाय व्याली. गौरम्मानं बाईमाणसाचं करावं तसं तिचं बाळंतपण मांडलं. कोमट पाणी, बाजरीचा घाटा, गूळ, कडबा. पेंडीचं पोतं मात्र कोपऱ्यात शिवलेलंच. “ओली बाळंतीण हाय. पेंड जड जाती. सव्वा महिना न्हाई.”

तिसऱ्या आठवड्यात गाईची पाठीकमरेची हाडं वर आली. चरवी अर्धीही भरेना.

“गौराबाई, दोन दिवस झाले, कोराच चहा पिऊन राहिलो,” दत्तोपंत रिकामी कपबशी घेऊन दारात. “येत्या सोमवारपर्यंत बघतो.”

राजश्रीनं पुस्तकातून मान वर केली. “अव्वा, दुधातून रोज प्रथिनं जातात. घाट्यात ती कितीशी? मग अंगातलं मांस झिजवूनच देती ती.”

“तू तुझा पेपर बघ. गाय मी बघते.”

पण बघायला गेली, पाठीवर हात फिरवला, अन् हात तिथंच थांबला. असली हाडं तिनं स्वतःच्या अंगावर चाचपली होती. भूकंपानंतरचं पत्र्याचं शेड. राजश्री अठरा दिवसांची. बाळंतीण म्हणून जो तो पातळ पेज पाजायचा, आणि दूध आटत चाललेलं. शेजारच्या केवळाबाईनं शिजवलेल्या हुलग्यांची वाटी तिच्या मांडीवर ठेवली होती. “खा. पेजंनं तुझं पोट भरतंय, पोरीचं न्हाई.” केवळाबाईचं स्वतःचं घर तेव्हा पुरतं मातीत गेलेलं.

गौरम्मानं विळ्यानं पोतं उसवलं. एकदम नाही ओतलं. भिजवलेल्या करडीच्या पेंडीची एक ओंजळ, दोन दिवसांनी दुसरी.

सोमवारी दत्तोपंत आले ते कपबशी नाही, तांब्या घेऊन. चरवी काठाला आली नव्हती, पण अर्ध्याच्या वर होती.

“थांबा मास्तर. आधी वासरू.”

“थांबतो की,” म्हणत ते उंबऱ्यावर टेकले.

त्या संध्याकाळी गौरम्मानं हुलगे शिजवले आणि वाटी राजश्रीच्या उघड्या पुस्तकावरच ठेवली.

“खा. तूबी झिजून ऱ्हायलीस.”