बेसचं बटण माझ्या खिशात

खोलीत एकटी असते तेव्हा मी गिटारच्या अँपचा, म्हणजे त्या आवाजाच्या खोक्याचा, बेस दहापैकी आठवर ठेवते, आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही. लोणावळ्यात माझी दहा बाय दहाची भाड्याची खोली आहे. दिवसभर हॉटेलच्या रिसेप्शनवर पर्यटकांची ‘खिडकीतून दरी दिसत नाही’ ही रड ऐकायची, घरी येऊन जाड तार छेडायची आणि गादीसकट आपण हलायचं! हे सुख ज्याला कळत नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही.

घोळ झाला तो हाच आठचा आकडा मी गेल्या वर्षी गावी नेला तेव्हा. बेडश्याच्या लेण्यांच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या विहारात बुद्धपौर्णिमेला माझी आत्या गाते. गाणी तिची, चालीही तिच्याच. तिचे यजमान पेटी वाजवतात, त्यांना आम्ही मामा म्हणतो. गेल्या वर्षीपासून गिटारवर मी. पहिल्याच गाण्याला मागून एका म्हाताऱ्या मावशींनी ओरडून विचारलं, “बाहीर ट्रॅक्टर कुनी चालू ठिवलाय रं?” आणि एक गृहस्थ खरोखर उठून बाहेर बघून आले.

यंदा आत्याचा आधीच फोन आला.

“ह्या साली आयवर गानं केलंय. त्यातला एकबी शबुद बुडला ना, तर ते खोकं उचलायचं आन् सरळ लोनावळ्याला जायाचं. परत हितं आनायचं न्हाई.”

आत्याची आई, म्हणजे माझी आजी, डोक्यावर गवताचा भारा घेऊन कामशेतच्या बाजाराला जायची. जाता जाता पोरीला शाळेत सोडायची, आणि पावसात तिची वही भिजू नये म्हणून भाऱ्याच्या मधोमध खुपसून न्यायची. ‘भारा डोईवर गं, वही भाऱ्यात’ असं धृपद. त्यातली ‘वही’ एकदम वर, टिपेला. दहा वर्षं मनात घोळवून आत्यानं ते गाणं केलं होतं. ते माझ्या धमधमाटात बुडालं असतं, तर तिनं मला दारातही उभं केलं नसतं, आणि बरोबरच होतं तिचं.

पौर्णिमेला मी दुपारीच पोचले. मामांनी माझा अँप मोठ्या प्रेमानं उचलून आत नेला आणि कोपऱ्यात, भिंतीला चिकटवून, पेटीच्या रिकाम्या लाकडी खोक्यावर ठेवला. “खाली वल असती,” म्हणाले. मी जाड तार छेडली. पलीकडच्या खोलीत खिरीच्या पातेल्यावरचं झाकण थडथडायला लागलं.

कपाळ माझं! कोपरा, भिंत आणि खाली पोकळ खोकं, तिन्ही पापं एकाच जागी. भिंती बेस परत फेकतात, आणि खोकं स्वतःच ढोल होऊन घुमतं. मी अँप उचलून लोखंडी खुर्चीवर ठेवला. खुर्ची भिंतीपासून चार पावलं पुढं ओढली. अँपच्या पुढच्या कडेखाली विटेचा तुकडा सरकवला, म्हणजे आवाज माझ्या पोटऱ्यांना न जाता कानाला येईल. मग बेस आठवरून सहा, सहावरून चार. दोनवर आला तेव्हा कुठं झाकण गप्प झालं.

गिटार मात्र पत्र्याच्या डब्यासारखी वाजायला लागली. खरं सांगते, रडू यायचं बाकी होतं. पण आत्याला माईकवर खालच्या सुरातली एक ओळ म्हणायला लावली, ढोलकीवाल्या पोरालाही वाजवायला सांगितलं आणि दारात जाऊन ऐकलं, तर शब्द न् शब्द स्वच्छ. गिटारही तिच्या जागेवर नीट बसली होती. खोलीत एकटीनं ऐकायचं आणि चौघांत वाजवायचं, ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला तिशीत कळलं.

चहा पिऊन आले तर अँप पुन्हा खोक्यावर, बेस पुन्हा आठवर.

“मामा, हे कुणी केलं?”

“मला काय म्हाईत? भूत आसंल.”

मी सगळं पुन्हा नीट केलं. पाण्याची बाटली भरून आले, तर पुन्हा आठ! आता माझी खात्रीच पटली. म्हाताऱ्याला पेटीचं राज्य परत हवंय, मला घरी धाडायचा डाव आहे हा. ठीक आहे म्हटलं, मीही ह्याच घरातली आहे. बेस दोनवर आणला, बटणाची प्लास्टिकची टोपी उपटली आणि कुर्त्याच्या खिशात टाकली. थोड्या वेळानं पाहते तर मामा अँपपुढं उकिडवे.

“काय शोधताय?”

“पेटीची किल्ली.”

पेटीला कधी किल्ली नव्हतीच.

संध्याकाळी विहार भरला. आत्या उभी राहिली. पहिली ओळ गेली, कुणीही ट्रॅक्टर बघायला उठलं नाही. मग ती ‘वही’वर चढली आणि आवाज फाटला. टर्रकन फाटला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. मामांनी पेटी टाकली, अँपकडं झेपावले आणि बटणाच्या जागी उरलेला बारीक खुंट चिमटीत धरायला लागले. घामेजलेली बोटं त्यावरून नुसती घसरत होती.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. गेल्या वर्षीही अँप खोक्यावर त्यांनीच ठेवला होता. रोज घरात ऐकणाऱ्या माणसाला माहीत होतं, आत्याला वरचा सूर आता लागत नाही; तो माझ्या धमधमाटात बुडावा, एवढंच त्यांना हवं होतं. मला मेलीला वाटलं, पेटीचं राज्य!

आत्यानं माईक तोंडापुढून हलवलासुद्धा नाही.

“अवो, तुमी मला झाकायला निघाला व्हय?”

“लोकं हसतील गं,” मामा पुटपुटले.

“हसू द्या की! पर ऐकून तर हसू द्या. काळी चार सोडा, काळी तीन घ्या, सूर जरा खाली येऊ द्या.”

विहार हसला, आत्या सगळ्यांत मोठ्यानं हसली. मी गिटारच्या मानेवरचा चिमटा, कॅपो, सरकवला, मामांनी खालची पट्टी धरली, आणि गाणं पहिल्यापासून झालं.

नंतर खिरीच्या पंगतीत त्या ट्रॅक्टरवाल्या मावशी आत्याजवळ आल्या.

“व्हय गं, येवढ्या पावसात ती वही कदी भिजली न्हाई?”

गेली कितीतरी वर्षं आत्या गातेय. गाण्यातली गोष्ट कुणी पहिल्यांदा विचारली ती त्या दिवशी.

“एकडाव भिजली, मावशी,” आत्या म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “आय चुलीम्होरं एकेक पान धरून वाळवत बसली. त्ये कडवं आजून जमलं न्हाई मला.”

मामांनी खिरीची वाटी खाली ठेवली आणि पेटी पुढं ओढली.