ओडेसा ग्रीअर पहिल्या पानावर

मिसिसिपीतल्या त्या गावात माणूस गेला, की वर्तमानपत्रातली त्याची बातमी कापून घरच्या बायबलात ठेवायची रीत होती. पण गोऱ्यांचं मरण पहिल्या पानावर आणि काळ्यांचं शेवटच्या, खताच्या जाहिरातीखाली. व्हर्ना टॉलिव्हरच्या नवऱ्याने संपादक म्हणून हे पाळलं, त्याच्यामागे सहा वर्षं तिनेही.

१९५६च्या सप्टेंबरात सुईण ओडेसा ग्रीअर वारली. गावातली निम्मी माणसं, गोरी नि काळी, तिच्याच हातांत पहिल्यांदा रडली होती. व्हर्नाची मुलगी ल्युसिंडासुद्धा. बातमी लिहिताना व्हर्नाला ते हात दिसत राहिले, कोमट पाण्याचा वास आला. दुपार इतकी सुस्त, की बाहेर कापसाचे तंतू तरंगताहेत की आपण, हेच कळेना.

तिने ती बातमी पहिल्या पानावर, बँकवाल्याच्या आईच्या बातमीशेजारी लावली. नावाआधी ‘मिसेस’ लिहिलं.

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या हॉबर्टने चष्मा कपाळावर सरकवला. "बाई, ऊन लागलं का तुम्हाला? काळ्या बाईला मिसेस?"

"तू कुणाच्या हातांत जन्मलास रे?"

"माझं सोडा. तुमची पोर उद्या शाळेत जाणार आहे, तिचं बोला."

व्हर्नाचा हात थबकला. नऊ वर्षांची पोर, दोन मैलांची वाट. तिने तो कागद शेवटच्या पानाच्या ढिगावर ठेवला. मग परत उचलला.

"छाप," ती म्हणाली.

सकाळी तिने ल्युसिंडाला शाळेत पाठवलं नाही. धुकं नदीवरून थेट घराच्या पायऱ्यांपर्यंत आलं होतं आणि त्यात अंकांचा ढीग पडला होता. आदल्या संध्याकाळी वाटलेले, लोकांनी परत आणून टाकलेले. सगळ्यात वरच्या अंकावर खरडलं होतं, ‘तुमचा पेपर तुम्हालाच लखलाभ.’

ल्युसिंडा पायरीवर बसून एक अंक उलगडत म्हणाली, "आई, ह्याला खिडकी आहे!" पहिल्या पानाला पडलेल्या चौकोनातून तिचा डोळा हसत होता.

मिसेस ग्रीअरची बातमी कुणीतरी नीट, कात्रीने कापून घेतली होती. दुसऱ्या अंकातही चौकोन. तिसरा अख्खा होता. चौथ्यात पुन्हा.

व्हर्नाने चौथा अंक घडी करून पायरीवर ठेवला. मग म्हणाली, "दप्तर घे. मी येते सोडायला."

धुक्यातून दोघी निघाल्या. पोरीचा हात तिने घट्ट धरला होता. दोन्हीकडची बंद दारं ती एकेक करून बघत होती. बायबल कुठल्या घरात उघडलं असेल, काही कळत नव्हतं.