काढून टाकलेल्या लाईनवर काकीचा फोन

भुताखेताचं कुणी सांगायला लागलं की मी आधी विचारतो, वायरिंग तपासलं का? ऑफिसांच्या फोन लाईन जोडणं हा माझा धंदा. रिकाम्या खोलीत वाजणारे फोन ढीगभर पाहिलेत, प्रत्येकाला कारण सापडलंय. एक सोडून...

मी पोलादपूरचा, आंबेनळीच्या रस्त्याला आमची वाडी. आई लवकर गेली, काकीने वाढवलं. तिचा मुलगा मंगेश आणि मी महाड एमआयडीसीत भागीदारीत काम करायचो. नवी लाईन सुरू झाली की पहिला फोन काकीला. ती "हां, आयकू येतंय रे" म्हणाली की आमची बोहनी झाली.

गेल्या वर्षी एका केमिकल कंपनीत जुनी पीआरआय लाईन काढत होतो — एकाच केबलवरून तीस जण एकदम बोलतात ती. आता सगळ्यांना इंटरनेटवरची लाईन हवी असते. मंगेश तापाने घरी झोपलाय, असं त्यानेच कळवलेलं. मी केबल उपटली, फोनच्या मशीनमधलं त्या लाईनचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. नवी लाईन अजून जोडायची होती. आणि रिसेप्शनचा फोन वाजला. डिस्प्लेवर तीच जुनी लाईन!

उचलला, तर काकी.

"मंग्याचा फोन आलेला, तुमच्या मागच्या गल्लीतल्या कंपनीतून. तुला सोडून येगला धंदा काढलान त्याने. तू कशाला मरतोस रे राबून?"

तसाच गेलो. गडी ठणठणीत, शिडीवर उभा. शर्टावर नव्या फर्मचं नाव. आमची निम्मी गिऱ्हाइकं त्याने आधीच फिरवली होती. लाज नाही, काही नाही.

"कुणी सांगितलं तुला?"

"तुझ्या आईने."

"शक्यच नाही. तिला मी शपथ घातलीय."

संध्याकाळी वाडीवर गेलो. काकी भाकऱ्या थापत होती. त्या फोनचं विचारलं तसा तिचा हात थांबला.

"मी नाय केला रे फोन," ती म्हणाली. "म्हायती होतं मला. पन सांगितलं नसतं. पोटचा हाय तो."

तिचा मोबाईल पाहिला. त्यात मंगेशचा आलेला फोन होता, माझ्याकडे केलेला एकही नव्हता. पोटचा! मग मी कोण होतो इतकी वर्षं? न जेवताच उठून आलो.

कंपनीतलं ते मशीन नंतर मी उलटंपालटं करून पाहिलं. काहीही कळलं नाही, आजही कळत नाही. मंगेशचं मी तोंड बघत नाही. काकीला मात्र अधूनमधून फोन करतो. "जेवलास का रे?" विचारते. आवाज अगदी तोच... पण त्या दिवशी माझी बाजू घेणारी बाई ती नव्हती.