आमसूल न घातलेलं कालवण

२००४ साली माझ्या थोरल्या भावाच्या गालाच्या कॅन्सरवर मुंबईत तेहतीस वेळा किरणं दिली. गाठ विरली, पण तोंड आतून सोललं आणि लाळ आटली. रत्नागिरीला घरी आणलं तेव्हा त्याच्या नाकातली नळी नुकतीच काढली होती आणि वजन चव्वेचाळीस किलो होतं. इथल्या डॉक्टरांनी बजावलं, "बेचाळीसच्या खाली गेले, तर नळी परत." दादाला कॅन्सरपेक्षा त्या नळीची धास्ती जास्त.

मी एक वही सुरू केली. किती चमचे पेज, किती घोट पाणी, तोंड किती मिलिमीटर उघडतं, सगळं लिहायचो. वाटीभर पेजेला एकोणतीस घोट लागत.

"मोज, मोज," दादा म्हणायचा. "पेटीत आंबे भरतोयस ना!"

आठव्या दिवशी मला वाटलं, लाळच हवी ना? आमच्याकडे आमसूल नुसतं आठवलं तरी तोंडाला पाणी सुटतं. कुणाला न विचारता मी एक धुऊन त्याच्या जिभेवर ठेवलं. तो ताडकन उठला. पाणी डोळ्यांना आलं, तोंडाला नाही. पुढचे चार दिवस त्याने जेमतेम पाणी गिळलं. वजन बेचाळीस किलो तीनशे ग्रॅम झालं. वहीत मी लिहिलं, 'माझ्यामुळे.'

डॉक्टर रागावले नाहीत. "पाणी सुटायला ग्रंथी शाबूत लागतात," एवढंच म्हणाले.

"त्या नव्या करता येत नाहीत?"

"पेशी बाहेर वाढवून परत लावायचे प्रयोग चाललेत. पण अजून प्रयोगशाळेतच. तोंडाची कातडी मात्र हळूहळू आपली आपण भरेल. तोवर त्यांना खायला घाला."

घरी येऊन दादाला हे सांगितलं.

"म्हणजे भातासारखंच," तो सावकाश म्हणाला. "आधी तरव्यात रोपं, मग लावणी. पण इथे तोंडात सगळा कातळ आहे बाबा, चिखल कुठाय?"

वहिनी हसल्या आणि लगेच आत गेल्या.

त्यानंतर त्या दर दोन तासांनी नारळाच्या दुधातली पेज देत. तिसऱ्या आठवड्यात दवाखान्यातल्या काट्यावर त्रेचाळीस किलो शंभर ग्रॅम भरलं. मी म्हटलं, "डॉक्टर, कपड्यांचे चारशे वजा केले तर..."

"भावोजी, गप्प बसा हो!" वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी बॅटरी घेऊन तोंडात पाहिलं. गालाला आतून गुलाबी पापुद्रा धरला होता. "नळी नको," ते म्हणाले.

त्या दुपारी वहिनींनी बांगड्याचं कालवण केलं. तिखट नाही, आमसूल नाही. काटे मी काढले, दोनदा तपासले. दादाने मऊ भातात कालवून पहिला घास तोंडात घेतला, वर तीन घोट पाणी प्यायला.

"कसं झालंय?" वहिनींनी विचारलं.

"काही म्हणजे काही चव नाही," तो म्हणाला आणि ताट पुढे सरकवलं. "वाढ अजून."