भाटव्यांची जास्तीची बरगडी

आमच्या भाटव्यांनी उभ्या आयुष्यात माणूस कधी पाहिलाच नाही. पाहिला तो सांगाडा. भाटवे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अमरावतीच्या एका आयुर्वेद कॉलेजात त्यांनी जन्मभर शरीररचना शिकवली, आणि तासात जे शिकवायचं राहून जाई ते राजापेठेत भररस्त्यात भेटेल त्याला शिकवलं. लोक एकमेकांना "काय म्हंता, बरं आहे ना?" असं विचारतात, हे विचारत, "कंबरेचा चौथा मणका काय म्हणते?" बहुतेकांचा तो मणका खरंच काहीतरी म्हणत असे, म्हणून समोरचा गाडी तिथंच स्टँडवर लावून सगळी कर्मकहाणी सांगायचा, आणि इकडे ताई पोळ्या झाकून वाट पाहत बसायची.

तिला पाहायला आले तेव्हाचंच घ्या. अकोल्याला जठारपेठेतल्या आमच्या घरी पोहे झाले, चहा झाला, "मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा" असं वडील म्हणाले. यांनी विचारलं, "जरा उजवीकडं मान वळवता का?" आईचा जीव खाली-वर. तिला वाटलं, पोरीत खोट काढून राहिला हा! तर हे गृहस्थ खूश होऊन वडिलांना सांगतात, "मानेचे मणके लय सुरेख आहेत. मले पसंत आहे." होणाऱ्या बायकोचं असलं कौतुक वऱ्हाडात आधी कोणी केलं नसावं, पुढेही कोणी करू नये. जावई झाल्यावर आमच्याकडे आले की मटणाचा बेत ठरलेला. जेवण झाल्यावर ताटाच्या काठावर बकऱ्याचे मणके ओळीनं मांडायचे आणि मला म्हणायचे, "साळेबुवा, खाटकानं बनवलं तुमाले. पाठ सांगून मान बांधून देल्ली." जावयापुढे बोलायची सोय नाही, म्हणून आईनं खाटीक बदलला. दुसऱ्यानंही बनवलं.

बारशाला बोलावलं तर पाळण्यातल्या लेकराच्या टाळूवर अलगद बोट ठेवून आयाबायांना सांगत, "देवानं इथं शिवण कच्ची ठेवली आहे. कवटीची हाडं सुटी असतात म्हणून तर बाहेर येता येते बिचाऱ्याले. मंग हळूहळू शिवण पक्की होते, अन् डोक्यात नवं काई शिरणं बंद होते. आमच्या दादाले पाहा." हे दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, गावाकडे संत्र्याची बाग राखून असलेले, आणि ते तिथंच मांडी घालून बसलेले असत. सगळे हसत. दादा हसत नसत.

पुढं फळ्यावर लिहिताना भाटव्यांच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. एक्स-रे काढला तर मानेच्या शेवटच्या मणक्याला एक लहानशी जास्तीची बरगडी निघाली. दुसरा कोणी घाबरला असता. यांनी गल्लीत पेढे वाटले! "चोवीस तर कोणालेही असतात," म्हणायचे, "आपल्याले पंचवीस." त्या दिवसापासून या माणसाचं चित्त दुसरीकडे लागेना. कॉलेजात सांगाडा होता तो प्लास्टिकचा, तुळतुळीत. त्याच्याकडे पाहून हे चिडत. "हा कधी सायकलवरून पडला नाही, कधी खोकलला नाही. याच्यापासून पोट्टे काय शिकतीन? मी मेलो का मले उभं करा. पोरं मोजतीन, हिशोब जुळणार नाही, अन् मंग आपोआप विचार करतीन." देहदानाची सही केली, ताईकडून शब्द घेतला, आणि मग लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, न्हाव्याच्या खुर्चीत, जिथं तिथं तेच. एवढ्या आनंदानं मरणाबद्दल बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मरून कामी येणं एवढी एकच गोष्ट त्यांनी जगाजवळ मागितली होती.

गेल्या हिवाळ्यात सकाळी चहा पिता पिता ते गेले. ताईनं पहिला फोन कॉलेजला केला, दुसरा मला. अकोल्याहून मी पोचलो तेव्हा कॉलेजची गाडी दारात उभी होती आणि दादा उंबऱ्यावर आडवे बसले होते. "आमच्या घरचा माणूस काचेच्या कपाटात उभा राहीन? पोट्टे त्याच्या नाकात बोटं घालतीन? अग्नी नाही भेटला तर गती कशी भेटन त्याले?" मी म्हटलं, दादा, त्यांची सही आहे, ताईचा होकार आहे. तर मला म्हणतात, "तुमी साळे. तुमचं काम दुखवट्याचं लुगडं आणणं. बाकी आमचं आमी पाहून घेतो." मी पुष्कळ भांडलो, आवाज चढवला, शेजारपाजार गोळा झाला. भाचा पुण्याहून आलेला, चांगला शिकलेला इंजिनिअर; तो मोबाइलकडे पाहत म्हणाला, "मामा, जाऊ द्या ना, मोठे आहेत ते." ताई आतून दोनदा म्हणाली, "त्यायले कॉलेजातच जायचं होतं." तिच्या अंगावर कोणीतरी शाल टाकली आणि तिला बसवलं. घरच्यांत वाद असला तर नेता येत नाही, असं सांगून गाडीवाला हात जोडून रिकामी गाडी घेऊन गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, अजून उतरलेली नाही. आणि स्मशानात याच दादांनी उभं राहून काय बोलावं? "आमचा भाऊ मोठा विज्ञानाचा माणूस होता." वा रे विज्ञान! चितेवर चढवायचं आणि वरून भाषण द्यायचं.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. भाच्यानं पाणी शिंपडलं, सगळे वाकून पांढरे तुकडे वेचून मडक्यात टाकू लागले. कवटीचा तुकडा कुठला, मणका कुठला, बरगडी कुठली, कोणाला काही कळत नव्हतं. भाच्यानं एक वाकडा तुकडा हातात धरून हळूच विचारलं, "मामा, हे काय आहे?" आता याला काय सांगू? आमच्या घराण्यात हे सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि त्यालाच आम्ही वेचत होतो. दादा म्हणाले, "टाका लवकर, ऊन होऊन राहिलं." टाकलं.

बायकांनी घाटावर यायचं नसतं म्हणून ताईला घरीच ठेवलं होतं. मी आलो तेव्हा ती मागच्या दारी पायरीवर बसली होती. पाहिल्याबरोबर तिनं विचारलं, "ती बरगडी दिसली का रे?"

"नाही गं ताई. जळाल्यावर सगळं सारखंच दिसते. ओळखू येत नाही."

"पाहून काहाले ओळखा लागते?" ती म्हणाली. "हाताले मुंग्या येत म्हणून रोज संध्याकाळी तेल चोळून देत होती मी त्यायले, इथं मानेच्या मुळाशी. बोटाखाली तेवढंच एक टोक लागे." तिनं अंगठा हवेतच थोडा दाबून पाहिला. "डोळे बांधून नेलं असतं तरी राखेतून काढून देली असती मी. मले कोणी नेलंच नाही."