लेक अत्यावश्यक सेवेत

इकडे परदेशात, हॅरिस पार्क या उपनगरात, आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये एक काका एकटे राहतात. काहीही सांगायचं असलं की आधी "ऐक हं" म्हणतात. त्यांची लेक अमेरिकेत विमानतळावर सुरक्षा तपासणीचं काम करते. बऱ्याच वर्षांनी ती इकडे यायला निघाली आणि नेमकं बजेट मंजूर न झाल्याने तिकडचं सरकारी कामकाज ठप्प झालं. तिचं काम अत्यावश्यक, म्हणून तिची रजा रद्द झाली, पगाराविना ड्यूटी मात्र चालूच राहिली.

"ऐक हं, लोकांच्या बॅगा तपासायला कुणीतरी हवंच ना," काका मला म्हणाले.

तरी तिच्या तिकिटाच्या दिवशी ते ट्रेनने एअरपोर्टला गेले आणि त्या विमानातला शेवटचा प्रवासी बाहेर येईपर्यंत कठड्याशी उभे राहिले. संध्याकाळी ते जिन्यात भेटले. म्हणाले, "विमान अगदी वेळेवर आलं."